कोल्हापुरात बसून 'गे संस्कृती' म्हणजे काय? तुमच्यासाठी काय?

पन्हाळ्याचं_धुकं

नमस्कार मंडळी. थेट विषयाला हात घालतो. 'गे संस्कृती' असं काही आपल्याकडं आहे का, आणि असेल तर ती तुमच्यासाठी नेमकी कशात आहे?

मी चौतिशीचा, राजारामपुरीत राहतो, गे आहे. घरी आईला माहीत आहे. वडिलांनाही माहीत आहे, पण ते तसं दाखवत नाहीत. या विषयावर मराठीत वाचायला गेलं की दोनच गोष्टी हाताला लागतात. एक म्हणजे अमेरिकेतला इतिहास: न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर २८ जून १९६९ला पडलेली पोलिसांची धाड, त्यानंतरचे दंगे, १९७८ साली गिल्बर्ट बेकरनं सॅन फ्रान्सिस्कोत तयार केलेला इंद्रधनुषी झेंडा. तो इतिहास मला मोलाचा वाटतो. त्या लोकांनी खाल्लेल्या माराचा फायदा मलाही मिळालाय. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या कोर्टाच्या तारखा. २००९ला दिल्ली हायकोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आपल्याला बाहेर काढलं, डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टानं परत आत ढकललं, आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्याच कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कायमचं सोडवलं. या दोन्हींच्या मधे जे जगणं आहे, सोमवार ते रविवारचं, ते कुठंच सापडत नाही.

कुठल्याही समाजाची रीत घरातून येते. आजी सांगते, काका दाखवतो, लग्नकार्यात बघून बघून कळतं. पण आम्ही आमच्यासारख्यांच्या घरात जन्मत नाही. अशा माणसानं कुणाशी बोलायचं, कशापासून जपायचं, म्हातारपणी कुणाच्या आधारानं राहायचं, हे मला सांगणारं घरात कुणी नव्हतं. त्यामुळं आमच्यातलं प्रत्येक पोरगं पहिल्यापासून सुरुवात करतं. माझ्या आधी या गावात कितीतरी होऊन गेले असतील. ते कसे जगले हे मला एकाचंही माहीत नाही.

मला वाटतं संस्कृती म्हणजे हे पुढच्याला देणं. झेंडा, गाणी, कपडे सगळं त्याच्यानंतर. पटत नसेल तर भांडा, पण लिहा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर जरूर लिहा.

संपादक

धागा चालू राहू दे. दोन विनंत्या. भेटीच्या जागांची नावं लिहू नका आणि कुणाचीही ओळख पटेल असा तपशील देऊ नका. असे प्रतिसाद काढले जातील.

तालीमकरी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी शिवाजी पेठेतला, तालमीत वाढलेला. कुणाला कोण आवडतंय ही ज्याची त्याची गोष्ट, त्यात मी नाक खुपसणार नाही. कोर्टानं सांगितलं तेही मान्य. पण त्याला संस्कृती कशाला म्हणायचं? दसऱ्याला सोनं लुटायला सगळं गाव दसरा चौकात येतंय, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या जातात, त्याला संस्कृती म्हणतात. आम्हाला कुणी विचारत नाही की बायकांवर प्रेम करणाऱ्यांची संस्कृती काय. मग तुमची वेगळी कशाला? वेगळं म्हटलं की वेगळंच पडायला होतंय.

पन्हाळ्याचं_धुकं

तालीमकरी, राग अजिबात नाही. पण साखरपुडा, हळद, वरात, पहिलं डोहाळजेवण, बारसं, सत्यनारायणाला जोडीनं बसणं, दारावर दोघांच्या नावाची पाटी. हे सगळं बाई आणि पुरुषाच्या प्रेमाभोवती उभं आहे. ते सगळीकडं असल्यामुळं कुणाला वेगळं विचारावं लागत नाही. आम्हाला त्यातलं एकही मिळत नाही, म्हणून प्रश्न पडतो.

अंधेरी_लोकल

मूळचा कागलचा, आता मुंबईत. माझं उत्तर सरळ आहे: नाच.

कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीत पोरं पोरांबरोबरच नाचतात, सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं नाचताना माझं सगळं लक्ष माझ्या हातांवर असायचं. मनगट वळलं का, कंबर जास्त हलली का, कुणी बघितलं का. मुंबईत पहिल्यांदा गे पार्टीला गेलो तेव्हा तासाभरानं लक्षात आलं की मी हातांकडं बघायचं विसरलोय. नंतर ऑगस्ट क्रांती मैदानाहून निघणाऱ्या प्राइडमध्ये, म्हणजे आपल्या लोकांच्या मोर्चात, भर उन्हात चाललो. रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली मावशी टाळ्या वाजवत होती. आम्ही कोण हे तिला किती कळलं माहीत नाही, पण ती वाजवत होती.

लोक म्हणतात पार्टी म्हणजे वरवरचं, पैसेवाल्यांचं. पैशाचं खरं आहे. तिथल्या एका रात्रीच्या खर्चात गावाकडं घरचा आठवडी बाजार होतो. पण वरवरचं म्हणू नका. ज्याला आयुष्यभर अंग आखडून चालावं लागलं, त्याला मोकळ्या अंगानं चालायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि हे सगळं आपोआप आलेलं नाही. कोलकात्यात २ जुलै १९९९ला असा देशातला पहिला मोर्चा निघाला तेव्हा पंधरा माणसं होती. पंधरा! मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून आपल्या लोकांसाठी काम करतोय. आज मी नाचतो त्याच्यामागं या माणसांचे पाय आहेत.

उद्यमनगरचा_जुना

पन्नाशी ओलांडलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. वय ६३. फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य गेलं. मोबाईलवर मराठी टाइप करायला नातीनं शिकवलं. मी कुठं काय लिहितो ते तिला माहीत नाही.

आमच्या वेळी ओळख नजरेनं पटायची. एखादा जरा जास्त वेळ बघतोय, मग वाजले किती विचारतोय, हातात घड्याळ असून. मग काडेपेटी मागतोय. एवढ्यावर सगळं कळायचं. आमचे नियम होते. कुणी लिहिले नव्हते, पण सगळे पाळायचे. खरं नाव विचारायचं नाही. घर कुठं विचारायचं नाही. रस्त्यात बायकापोरांबरोबर दिसला तर त्यानं ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. नवखा कुणी आला की त्याला कुणी हात लावायचा नाही. जुन्यातला एकजण त्याला आधी चहाला न्यायचा आणि चार गोष्टी सांगायचा. अंगठी-घड्याळ घालून येऊ नको. पगाराच्या दिवशी येऊ नको. या या माणसापासून लांब राहा. पोलिसानं धरलं तर बापाचं नाव सांगू नको, पैसे दे आणि सुट.

मला हे सांगणारा एसटीत कंडक्टर होता. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. दिसायला दणकट, मिशा पिळलेल्या, आणि आमच्यात आला की सगळ्यांची आई. कुणाची नोकरी गेली की वर्गणी काढायचा. कुणाला मार बसला की हळद-तेल घेऊन यायचा. १९९०ला मुंबईत 'बॉम्बे दोस्त' निघालं, त्याचे अंक कुठून तरी तोच आणायचा. एक अंक आमच्या सगळ्यांत फिरायचा, दुसऱ्या मासिकाच्या आत घालून. इंग्रजी मला धड येत नव्हतं, बँकेतला एक दोस्त वाचून अर्थ सांगायचा. आपल्यासारखे इतके आहेत की त्यांचा स्वतःचा अंक निघतोय, हे ऐकूनच छाती भरून यायची.

पंचाण्णवनंतर माणसं जायला लागली. घरचे टीबी सांगायचे, कावीळ सांगायचे. सरकारनं एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली एप्रिल २००४ला. कंडक्टर त्याच्या आधी गेला. मातीला आम्ही चार-पाचजण गेलो, वेगवेगळे. स्मशानात एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या भावानं मला विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हटलं, पास काढायचो त्यांच्या गाडीचा.

इतक्या वर्षांची दोस्ती, आणि जगाला सांगायला एवढंच नातं.

नंतर एचआयव्हीच्या प्रकल्पातून संस्था आल्या. कंडोम वाटायच्या, रक्त तपासायला न्यायच्या. आमच्यातल्याच काही पोरांना पगारावर घेतलं. लोकांच्या दृष्टीनं तो आरोग्य खात्याचा कार्यक्रम. आम्हाला मात्र तिथं पहिल्यांदा लाइट लावून, खुर्च्या टाकून, एकमेकांची तोंडं बघत बसायला मिळालं.

धुकंराव, तुम्हाला एकाचंही माहीत नाही म्हणालात. कसं माहीत असणार? लिहिलेलं सापडलं असतं म्हणून आम्ही काही लिहिलं नाही.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

आजोबा, तुमची पोस्ट वाचून लेक्चर सोडून बाहेर येऊन बसलोय.

मी वीस वर्षांचा. माझी गे संस्कृती सगळी फोनमध्ये आहे. ड्रॅग शो, म्हणजे पुरुष बाईसारखे नटून करतात ते, बघतो, परदेशातल्या जोडप्यांचे व्हिडिओ बघतो, मराठीत रील करणारी दोन-तीन पोरं आहेत ती बघतो. नावं, झेंडे, कोणता रंग कुणाचा, सगळं पाठ आहे. पण कोल्हापुरात समोरासमोर बसून मी एकाही गे माणसाशी बोललेलो नाही. डेटिंगचं अ‍ॅप उघडलं की जवळच्या जवळ कितीतरी प्रोफाइलं दिसतात, एकालाही चेहरा नाही. 'हाय' म्हटलं की पहिला प्रश्न 'जागा आहे का'. मागच्या वर्षी ओळखीच्या एकाला भेटायला बोलावून तिघांनी लुटलं, व्हिडिओ घरी पाठवायची धमकी दिली. तो पोलिसांत गेला नाही.

तुम्हाला कंडक्टर भेटला. आम्हाला आधी चहाला नेणारं कुणी नाही.

उद्यमनगरचा_जुना

बाळा, पहिली भेट कायम गर्दीत, चहाच्या गाडीवर. दुसऱ्याच्या खोलीवर नाही, आडबाजूला तर नाहीच. आपण कुठं चाललोय हे एका माणसाला सांगून जायचं. नियम जुना आहे, अ‍ॅपवाल्यांनाही चालतो.

दसरा_चौकातला_वकील

बीएस्सी यांना: धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, तो गुन्हा आहे. तुमचा तो ओळखीचा आता गुन्हेगार नाही, त्यानं तक्रार करावी. मेसेज पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत, पैसे दिले असतील तर त्याची नोंद ठेवावी. १ जुलै २०२४पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात ३७७सारखं कलमच नाही. ३७७ लावीन म्हणून घाबरवणाऱ्या माणसाला हे तोंडावर सांगता येतं.

कडूलिंब

उद्यमनगरचे काका, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. डोळ्यात पाणी आलं. पण त्यात एक माणूस नाही. घरी असलेली बायको.

माझं लग्न १९९८ला झालं, गडहिंग्लजकडं. मुलगा शिकलेला, शांत, निर्व्यसनी. घरी सगळे म्हणाले नशीब काढलंस. त्यानं मला कधी वाईट बोललं नाही, कधी हात उगारला नाही, आणि कधी जवळही घेतलं नाही. दोन वर्षांनी सासूनं मूल का नाही म्हणून विचारायला सुरुवात केली. मला. त्याला कुणी विचारलं नाही. वैद्य झाले, देवऋषी झाला, सोळा सोमवार झाले. माझ्यातच काहीतरी कमी आहे हे मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते खरं वाटायला लागलं. आरशात बघायची नाही मी.

त्यानं सांगितलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. तो रडत होता, आणि मी हलकी झाले होते. माझ्यात काही कमी नव्हतं! घटस्फोट झाला. माहेरी परत गेले, शिवणकाम शिकले, आज माझं छोटं दुकान आहे. तो पुण्यात त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या आईवर आहे, कारण तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. लग्न झालं की सुधारेल म्हणून तिनं एक मुलगी आणून त्याच्यावर प्रयोग केला.

तुम्ही पोलिसापासून, लोकांपासून, घरच्यांपासून लपत होता. त्याची किंमत तुम्ही दिली, मान्य. पण तेवढीच किंमत घरात बसून आम्हीही दिली, कशाची देतोय हे माहीत नसताना. आमचा मोर्चा नाही, बैठक नाही. अशा बायका मला बाजारात, लग्नात, दवाखान्यात दिसतात. मला त्या ओळखता येतात.

तुमची संस्कृती जी काय असेल तिच्यात एक गोष्ट पहिल्या ओळीत लिहा. पोरगं नको म्हणतंय तर त्याला कांदेपोह्यांना बसवायचं नाही. कुणाच्याही आईच्या डोळ्यातल्या पाण्यासाठी नाही.

उद्यमनगरचा_जुना

ताई, यावर माझ्याकडं बोलायला काही नाही. मंडळी, या ताईंचं सगळ्यांनी वाचा. नवीन पोरांना आधी हे दाखवा, मग माझं.

शाहूपुरीची_आई

कडूलिंब ताई, तुम्हाला नमस्कार. माझा मुलगा गे आहे. त्यानं सांगितलं तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा लग्नच आलं होतं. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९०लाच हे आजारांच्या यादीतून काढलंय, तुम्ही औषध कशावर मागताय? आता आमच्याकडं स्थळं येणं थांबलंय. मी नातेवाइकांना सांगते, त्याचं त्यानं ठरवलंय. माझ्यापुरती संस्कृती एवढीच: दिवाळीला त्याच्या मित्राला ओवाळायला त्याची बहीण थांबलेली असते.

चौंडकं

मी जोगता, यल्लम्माला वाहिलेली. साडी नेसते, बाई म्हणूनच बोलते. हे शेजारच्या पोराला बसवून लिहून घेतेय.

तुमच्यात सांगणारं कुणी नाही म्हणता. आमच्यात आहे. लहानपणापासून माझं वागणं पोरीसारखं, मग अंगात येतंय म्हणाले, डोक्यात जट आली. घरच्यांनी सौंदत्तीला नेलं, यल्लम्माच्या नावानं गळ्यात मोती बांधले. गुरूनं चौंडकं वाजवायला शिकवलं, गाणी शिकवली, देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन तोल कसा सांभाळायचा ते शिकवलं. पुढं माझे चेले झाले. गुरू आजारी पडली तेव्हा तिचं हागणं-मुतणं मी काढलं, आणि माझं कोण काढणार हे मला माहीत आहे. मार्गशीर्षातल्या पुनवेला डोंगरावर देवीच्या नावानं बांगड्या फोडतात, तेव्हा मी माझ्या माणसांसाठी पण रडते. परत आलं की इथं ओढ्यावरच्या यल्लम्माला आंबील. वर्षाचं सगळं बांधलेलं आहे.

पण फोटो काढून लई भारी म्हणू नका. मी जोगवा मागूनच जगले. शाळा चौथीत सुटली. आमच्यात सगळी गरिबाघरची, खालच्या म्हणतात त्या जातींची. देवाला सोडलेल्या पोरींचे काय हाल झाले ते मी डोळ्यानं बघितलंय. राज्यानं २००५ला देवदासीचा कायदा केला, बरं केलं. माझ्या चेल्यांना मी सांगते, गाणं घ्या, माया घ्या, पण शाळा सोडू नका. आणि मला गे म्हणू नका. मी आईची माणूस. माझं मला नाव आहे.

पडद्यामागचा

नाटकात लाइट करतो. चौंडकं यांचं वाचून लिहावंसं वाटलं. ज्या महाराष्ट्रानं बालगंधर्वांचं नेसणं बघून घरच्या बायकांना तशी लुगडी आणली, त्याच महाराष्ट्रानं तमाशातल्या नाच्याला आयुष्यभर चिडवलं. आपल्या कोल्हापूरचे, तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील घ्या. संसारी माणूस, मोठा नट, पण 'आत्ता गं बया' हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले आणि गल्लीबोळातल्या प्रत्येक बायकी चालीच्या पोराला त्याच नावानं हाक मारली गेली. बालगंधर्व काय, गणपत पाटील काय, समलिंगी होते असं मी म्हणत नाही. पुरुषातलं बाईपण राजदरबारी, शालू नेसून आलं की कला ठरतं आणि गरिबाच्या फडात आलं की थट्टा, एवढं मला सांगायचंय. शाळेत मला तीच हाक मारायचे. मी गे आहे की नाही हे मला कळायच्या आधी वर्गाला कळलं होतं.

माणगाव_१९२०

जातीचं चौंडकं यांनी काढलंच आहे तर पुढं नेतो. अ‍ॅपवर मला फोटोच्या आधी आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की 'नंतर बोलू'. प्राइडच्या मोर्चात सगळे एक, आणि जेवायला बसताना आपापले गट. मला झेंडा आवडतो, मी तो खांद्यावर घेतलाय. पण झेंड्याखालीही मला माझी जागा मागून घ्यावी लागली.

माझी गे संस्कृती १९३४पासून सुरू होते. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यात समलिंगी संबंधांवरचाही प्रश्न होता. अश्लीलतेचा खटला भरला. कर्व्यांच्या बाजूनं मुंबईच्या कोर्टात कोण उभं राहिलं? बाबासाहेब आंबेडकर. त्या वेळी त्यांच्या अंगावर काय काय कामं होती ती आठवा, आणि तरी माणसाला आपल्या शरीराबद्दल शास्त्रीय माहिती मिळाली पाहिजे म्हणून ते उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मराठीत या विषयावर आपल्या बाजूनं बोलणारा माणूस शोधायला मला न्यूयॉर्कला जावं लागत नाही. धुकं, तुम्ही म्हणता वारसा नाही. आहे. आपल्याला तो कुणी शिकवला नाही.

पन्हाळ्याचं_धुकं

माणगाव, ही गोष्ट मला आज कळली. इतकी वर्षं मराठी वाचतोय. मनापासून आभार.

इचलकरंजीचं_सूत

इतके प्रतिसाद झाले, पण बाईवर प्रेम करणारी बाई एकही बोलली नाही. म्हणून लिहिते.

मी लेस्बियन, गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर. काकांच्या पोस्टमधली नजर, काडेपेटी यातलं काहीच आमच्याकडं नव्हतं. रात्री आठनंतर बाहेर थांबायचं तर कारण लागतं. माझा फोन भाऊ बघायचा. बाईला एकटीला जागाच नाही, तर भेटणार कुठं? आमचं सगळं उजेडात, घरात, सगळ्यांदेखत चालतं. दोन बाया एका ताटात जेवल्या, एका खोलीत झोपल्या, हातात हात घालून नृसिंहवाडीला गेल्या, कुणी काही म्हणत नाही. मैत्रिणी आहेत म्हणतात. याची सोय आहे आणि यातच गुदमरायला होतं. माझ्या जोडीदारणीचं लग्न ठरवलं तेव्हा मी हळदीला उभी होते, तिच्या अंगाला हळद लावत. माझं काय जातंय हे त्या मांडवात एकालाही दिसलं नाही.

आमची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी. घरच्यांसाठी भिशी, आमच्यासाठी तेवढे तीन तास. एक नर्स आहे, एक शिक्षिका, एक पिठाची गिरणी चालवते. एकजण जन्मानं मुलगी, पण मनानं पुरुष. आमच्या भागात पोरीसुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्यामुळं त्याचं 'जातो' कुणाला खटकत नाही, आणि घरात तेवढ्यापुरतं का होईना त्याला स्वतःसारखं बोलता येतं. भिशीचे पैसे खरे आहेत. त्यातून एकीनं घर सोडलं तेव्हा तिचं डिपॉझिट भरलं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१लाच रंगमंचावर आलं होतं, हे मला भिशीतल्या शिक्षिकेनं सांगितलं. माझ्या जन्माच्या आधी मराठी रंगमंचावर आमच्यासारखी एक बाई उभी होती, आणि मी पंचविशीपर्यंत समजत होते की मी एकटीच.

अंधेरी_लोकल

इचलकरंजी, +१. आमच्याकडंही मोर्च्यात माइक कायम पुरुषांच्याच हातात असतो.

दसरा_चौकातला_वकील

म्हातारपणाचं मूळ पोस्टमध्ये होतं ते राहून गेलं. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५मध्ये फेटाळल्या. लग्न नाही म्हणून हात बांधून बसू नका. स्वकष्टाच्या मिळकतीचं मृत्युपत्र जोडीदाराच्या नावे करता येतं, आणि ते नोंदवून ठेवा, कारण नंतर भाऊबंद येतात. बँकेत संयुक्त खातं आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमणं याला कसलीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ खात्यानं २८ ऑगस्ट २०२४ला लेखी कळवलंय. बँकेतल्या माणसानं नाही म्हटलं तर ते पत्रक दाखवा. रेशनकार्डावरही एका घरात राहणारे जोडीदार एक कुटुंब धरावेत, असं केंद्रानं राज्यांना सांगितलंय.

आणि गावपातळीवर काही होत नाही असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्यांनी विधानसभेची वाट बघितली नाही. लोक बसले आणि ठरवलं.

तालीमकरी

सगळं वाचलं. संस्कृती म्हणायचं की नाही यावर माझं अजून तुमच्याशी जमत नाही, ते राहू दे. एक विचारायचंय.

आमच्या तालमीत एक पोरगं आहे, एकोणीसचं. चांगली कुस्ती करतंय, ढाक तर अशी लावतंय की बघत राहावं. गेले काही महिने बाकीची पोरं त्याच्याशी जोड करायला टाळतात. कुजबूज आहे. त्यानं काही केलेलं नाही, मी खात्री केलीय. परवा ते वस्तादांना म्हणालं, सोडतो तालीम. वस्तादांनी मला सांगितलं, तू बोल. मी काय बोलू? चुकीचं बोललो तर ते जाईल.

उद्यमनगरचा_जुना

भावा, विचारलंस हे चांगलं केलंस. त्याला 'तू तसा आहेस का' असं विचारू नको. ते त्याचं त्याला सांगू दे, नाही सांगितलं तरी चालेल. उद्या सकाळी त्याच्याशी जोड तू स्वतः कर, सगळ्यांसमोर. मग पोरांना वस्तादांनी सांगायचं की जो जोड टाळेल त्यानं लंगोट घेऊन घरी जायचं. त्याच्या घरी काही कळवू नका. आणि एकदा व्यायाम झाल्यावर त्याला चहाला ने. बोललं तर ऐक. बोललं नाही तर कुस्तीचं बोल.

इचलकरंजीचं_सूत

त्याच्या लग्नाची घाई घरात सुरू असेल तर तेही हळूच बघा. कडूलिंब ताईंनी लिहिलंय ते.

तालीमकरी

बरं. उद्या जोड करतो. काका, नंतर त्याला तुमच्याशी बोलायचं असेल तर?

उद्यमनगरचा_जुना

इथं निरोप ठेव. मी सकाळी आणि रात्री नऊनंतर बघतो. भेटायचं तर चहाच्या गाडीवर, तू बरोबर ये. बीएस्सीवाल्या बाळालाही यायचं असेल तर येऊ दे, चहा माझ्याकडून.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

येतो आजोबा. रविवारी माझं प्रॅक्टिकल नसतं.

पन्हाळ्याचं_धुकं

काका, मीही येतो. येताना वही आणतो. कंडक्टरबद्दल अजून जेवढं आठवतं तेवढं सांगा, नावगाव बदलून लिहून काढतो. तुम्ही वाचून हो म्हणालात तरच इथं टाकेन.